निळ्या खुणेच्या खाली

९ जानेवारी

प्रिय ताई,

तुला, भावोजींना आणि भाच्याला माझं प्रेम. माझी तब्येत चांगली आहे. यंदा थंडी जास्त आहे, पण माझं काम भट्टीच्या खोलीत असल्यामुळे मला तिचा त्रास नाही. मिस्सेच्या उपासनेत वाटायच्या पिठाच्या पांढऱ्या चकत्या आम्ही अजूनही इथेच भाजतो आणि आसपासच्या चर्चना पाठवतो. आता मठात आम्ही सातच जणी उरलो आहोत. इमारत जुनी झाल्यामुळे एप्रिलअखेर मठ बंद होईल आणि आम्ही लांबच्या मोठ्या मठात जाऊ. तिथे आजन्म राहण्याच्या व्रतावर सगळ्यांनी पुन्हा सही करायची आहे. देवाच्या इच्छेने सगळं सुरळीत होईल. मदरच्या डोळ्यांसाठी प्रार्थना कर.

तुझी,
सिस्टर

ताई, पत्र संपलं असं समजून ठेवून देऊ नकोस. माझ्या सहीखाली निळ्या पेन्सिलची खूण आहे, ती बघ. वाकडी आहे ना?

इथला नियम तुला माहीत आहे. पत्र उघडंच मदरकडे द्यायचं, त्या वाचतात, खाली निळी खूण करतात, मगच पाकीट चिकटतं. बाहेरून आलेलं पत्रही आधी त्याच वाचतात. एकोणीस वर्षं हेच चाललंय. पण दोन महिन्यांपूर्वी मदरना दिसेनासं झालं. डॉक्टर आले, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, आता उजेड आणि अंधार एवढंच कळेल. मग सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायचं काम कोणाला दिलं? मला. का, तर माझा आवाज खणखणीत. ज्या आवाजासाठी तू लहानपणी माझ्या पाठीत धपाटे घालायचीस, तोच. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

वरचं मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चाचपडत खूण केली. खुणेच्या खालचं त्यांना माहीत नाही.

मला इथून बाहेर यायचंय.

लिहिलं एकदाचं. देवाशी माझं काही भांडण नाही, तसं समजू नकोस. पण मी इथे ज्या कारणासाठी राहिले ते कारण चांगलं नव्हतं, आणि त्याच कारणासाठी दुसऱ्यांदा सही करायला माझा हात उठणार नाही. मोठ्या मठाच्या पत्रात एक ओळ आहे: ज्यांना पुढे यायचं नसेल त्यांनी अठ्ठावीस एप्रिलपर्यंत जावं, मात्र न्यायला घरचं माणूस दारावर आलं पाहिजे. बाबा गेले, आई गेली. घरचं माणूस म्हणजे तू.

आई गेल्यापासून अकरा वर्षं दर जानेवारीत मी तुला लिहिलं आणि तू एकदाही उत्तर दिलं नाहीस. तेव्हा काही मागायला मला तोंड नाही. तरी मागते. तीसला बस येणार आहे, आणि त्या बसमध्ये मी चढले तर परत उतरणार नाही.

उत्तर देशील तर मनात येईल ते लिही. वाचणारी मीच आहे.

मुंगी


१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. सगळे खुशाल असल्याचं वाचून आनंद झाला. मदरना तुझा नमस्कार सांगितला.

तुझी,
सिस्टर

नमस्कार! कसला नमस्कार आणि कसलं काय. ताई, मनात येईल ते लिही म्हटलं होतं, पण तुझ्या मनात एवढं असेल याची मला कल्पना नव्हती.

मदर खुर्चीत, हातात जपमाळ, मान तिरकी करून ऐकतायत. मी समोर स्टुलावर, हातात तुझी चार पानं. तू 'त्या थेरडीला' लिहिलंस तिथे मी 'पूज्य मदरना' वाचलं. 'हाडं मोडली तिची तर बरं' तिथे 'तब्येतीची काळजी घ्यावी' वाचलं. एकेक ओळ डोळ्यांनी पुढे वाचायची आणि तोंडाने भलतंच बोलायचं. कपाळावर घाम आला माझ्या. एक अख्खं पान तर वाचण्यासारखंच नव्हतं. तिथे मी भाच्याला शाळेत घातलं, पहिला नंबर दिला, आणि बक्षीस म्हणून एक छत्रीही देऊन टाकली.

मदर म्हणाल्या, "ते छत्रीचं परत वाच बाई. छान आहे."

आता काय वाचू? मी परत वाचलं, तर छत्रीचं दप्तर झालं.

मदरनी जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "तुझी बहीण लिहिते छान. अगदी तुझ्यासारखंच."

पण तू येणार आहेस. ती ओळ मी मनातल्या मनात इतक्या वेळा वाचली की भट्टीवर चकत्यांचे दोन घाणे करपले. 'अठ्ठावीसला सकाळी येते' असं तू लिहिलंस आणि पुढे लिहिलंस, 'आईच्या मयतालासुद्धा त्या बाईने तुला सोडलं नाही. तुला घेईनच, पण आधी तिच्यासमोर उभी राहून विचारणार आहे, की तुला आई होती की नव्हती?'

आईचं तू लिहिलंस त्यावर आत्ता काही लिहीत नाही. घंटा होईल.

मुंगी


१२ मार्च

प्रिय ताई,

सगळं क्षेम. कामाची आवराआवर चालू आहे. भट्टीचे साचे पुसून खोक्यात भरायचे आहेत.

तुझी,
सिस्टर

मी कुठे राहते ते तुला एकदा सांगते. तू मला फाटकापर्यंत सोडलंस, त्याच्या आतलं तू काही पाहिलं नाहीस.

माझ्या खोलीत पलंग, स्टूल, खुंटी. खिडकी डोक्याच्या वर आहे, तिच्यातून आभाळ दिसतं, रस्ता नाही. खोलीपासून भट्टीपर्यंत त्रेचाळीस पावलं, भट्टीपासून प्रार्थनेच्या खोलीपर्यंत एकतीस. मागे भाजीचा वाफा आणि त्याच्याभोवती माझ्या दीडपट उंच भिंत. सुरुवातीला ही पावलं मी गंमत म्हणून मोजली. आता मोजायचं थांबवता येत नाही. जेवताना, प्रार्थनेत, साच्यावर पीठ ओतताना डोक्यात आकडे चालूच असतात. कधी कधी वाफ्यात उभं राहिलं की छातीवर कोणी पाट ठेवून बसल्यासारखं होतं. मग मी आत जाऊन आणखी चकत्या भाजते. सगळ्या म्हणतात, सिस्टर किती कामसू.

बाहेरचं जग माझ्याकडे फिरत्या कपाटातून येतं. दारालगतच्या भिंतीत एक उभं लाकडी पिंप बसवलंय, एका बाजूने उघडं. बाहेरच्याने वस्तू ठेवायची, आपण फिरवायचं, वस्तू आत. कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही. पीठवाला एकोणीस वर्षं त्या पिंपाआडून माझ्याशी बोलतोय. त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, गुडघे दुखायला लागले, सगळं मला माहीत आहे. समोर आला तर ओळखणार नाही. गेल्या आठवड्यात मी धीर करून विचारलं, "दादा, बाहेर हल्ली बायका काय घालतात हो?"

तो म्हणाला, "सिस्टर, आमच्या घरात तर बायका घालतात ते कमी आणि शोधतात ते जास्त."

मी हसले. मग रडले, पण ते त्याला दिसलं नाही. पिंपाचा तेवढा फायदा.

आता मुद्द्याचं. काल मदर म्हणाल्या, "बहीण अठ्ठावीसला येतेय ना? आली की माझ्याकडे आण."

तारीख मी त्यांना वाचून दाखवलीच नव्हती. विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं?

"तू जेवणानंतर कॅलेंडरपाशी जाऊन बोटाने दिवस मोजतेस. कागदाचा आवाज येतो. मोठ्या मठाच्या पत्रातली अठ्ठावीसची ओळ तूच मला वाचून दाखवलीस. आणि तुझं चिकटवलेलं पाकीट माझ्या हाताखालून जातं, तीन तीन पानांचं जाड, वाचतेस मात्र चार ओळी. डोळे गेलेत माझे. बोटं शाबूत आहेत."

"मग खूण का करता?"

"जेवढं वाचलंस तेवढ्याखाली करते," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुझं."

ताई, येशील तेव्हा मदरना काही बोलू नकोस. तू मनात जे ठरवलं आहेस ते विचारू नकोस. का ते मी सांगेन, पण आत्ता नाही. तू बोललीस तर त्या ऐकून घेतील, उलट एक शब्द बोलणार नाहीत, आणि तेच मला सोसणार नाही.

मुंगी


४ एप्रिल

ताई,

आज वरचं आणि खालचं असं काही नाही. हे सगळं मी मदरना वाचून दाखवणार आहे, म्हणून एकदाच लिहिते.

आई गेल्यावर मी तुला लिहिलं होतं, 'मला यायची परवानगी मिळाली नाही, इथला नियम कडक आहे.' ते खोटं होतं.

भावोजींचा निरोप सकाळी आला. मदरनी मला ऑफिसात बोलावलं, जवळ बसवलं आणि स्वतः सांगितलं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "चार दिवस जाऊन ये. डॉक्टरांना गाडी घेऊन यायला सांगितलंय. सोबतीला एक सिस्टर येईल." माझी पिशवी त्यांनीच भरली. मी चपला घातल्या, दारापर्यंत गेले. गाडी बाहेर उभी होती, इंजिन चालू होतं. आणि मी परत फिरले.

का फिरले ते ऐक. तू मला फाटकाशी सोडताना काय म्हणाली होतीस? "सहा महिन्यांत रडत परत येशील. लिहून देते." सहा महिनेही लागले नाहीत, ताई. तिसऱ्याच महिन्यात मला कळलं की मी चुकले. पण तुझं वाक्य कानात होतं, आणि आपण दोघी कोणाच्या मुली! मी म्हटलं, मरेन पण परत जाणार नाही. असं करत आठ वर्षं काढली. आई गेली तेव्हा मला कळत होतं की त्या घराची पायरी चढले तर मी परत इथे येणार नाही. तू नुसतं माझ्याकडे बघितलं असतंस तरी तुला सगळं समजलं असतं. आईच्या मयतात मी तुझ्याशी हरले असते. ते मला नको होतं.

एवढ्यासाठी मी आईला शेवटचं बघितलं नाही. शेवटच्या आठवड्यात ती माझ्या नावाने हाका मारत होती, हे भावोजींच्या निरोपात होतं. तरी मी आले नाही. तू एकटीने सगळं निस्तरलंस आणि मी इथे बसून चकत्या भाजल्या. लाज वाटते लिहिताना. पण लिहिते.

आणि वर ते खोटं पत्र. ते पत्र मदरनी वाचलं होतं, ताई. तेव्हा त्यांना दिसत होतं. त्यांच्याच नावावर मी पाप ढकललं होतं, आणि त्यांनी ते वाचून खाली निळी खूण केली. सरळ, स्वच्छ खूण. अकरा वर्षं त्याबद्दल एक अक्षर नाही.

आता हे वाचल्यावर तुला यावंसं वाटणार नाही, हे मला माहीत आहे. न सांगता तुझ्याबरोबर आले असते तर सोपं होतं. पण तू दारात उभी राहून त्या आंधळ्या बाईला शिव्या घालणार आणि मी तुझ्यामागे पिशवी घेऊन उभी राहणार, हे माझ्याने होणार नाही.

तुझी,
मुंगी

वाचून दाखवलं. सगळं. शेवटी शेवटी माझा खणखणीत आवाज पार चिरकला.

मी विचारलं, "मदर, तेव्हा ते पत्र का जाऊ दिलंत?"

त्या म्हणाल्या, "तुला बहिणीपुढे तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून. म्हटलं, रागवेल ती माझ्यावर. माझं काय जातंय? ती काही मला शिव्या घालायला एवढ्या लांब येणार नाही." मग त्यांना हसू आलं. "आता येतेय म्हणा."

"आता नाही येणार," मी म्हटलं.

त्यांनी पेन्सिल मागितली, खूण केली आणि म्हणाल्या, "चिकटव."


२७ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. तेवीस दिवस झाले.

पत्र गहाळ झालं असेल असं मी मनाला सांगितलं, पण पीठवाल्याने शपथ घेऊन सांगितलं की त्यानेच ते टपालात टाकलं. आज तो शेवटचं येऊन गेला. पीठ नव्हतं, नुसताच आला होता. पिंपात हात ठेवून म्हणाला, "येतो सिस्टर." मी माझ्या बाजूने लाकडावर हात ठेवला.

भट्टी थंड आहे. साचे खोक्यात गेले. प्रार्थनेच्या खोलीतली बाकं नेली, तिथे बोललं की घुमतं. बाकीच्या सहाजणींच्या पेट्या दारापाशी ओळीने लागल्या आहेत. माझी सातवी. ती बसमध्ये जाणार की कुठे, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे की उद्या काय आहे.

माझ्याकडे बाहेर घालायला कपडेसुद्धा नाहीत. आले तेव्हाचे पहिल्याच वर्षी देऊन टाकले.

उद्या तू आली नाहीस तर परवा पेटी बंद करायची आणि तीसला बसमध्ये बसायचं. मोठ्या मठाची भिंत म्हणे याहून उंच आहे. मी सही करेन. सही करायला काय, हात नेईल तशी होते. पण ताई, मला आत्ता श्वास घ्यायला त्रास होतोय. स्टुलावर बसून लिहितेय आणि खोली आवळत चालल्यासारखी वाटतेय. मला भीती वाटते. हे मी एकोणीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, तुला तर नाहीच.

तू बरोबर होतीस. सहा महिने म्हणाली होतीस, मी तीनच टिकले. जिंकलीस. आता ये.

हे पत्र टाकायचं नाही. आलीस तर हातात देईन.

मुंगी


५ मे

आदरणीय मदर,

आधी दोन शब्द हे पत्र वाचून दाखवणाऱ्या सिस्टरसाठी. सिस्टर, तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण कृपा करून जसं लिहिलंय तसंच वाचा. एक शब्द इकडचा तिकडे करू नका. कसं करतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

मदर, नवीन ठिकाणी तुम्हाला खोली कोणत्या बाजूची मिळाली? उजेड येतो का? तुम्हाला तेवढा तरी कळतो, म्हणून विचारते.

मी ताईकडे आहे. भाचा माझ्याहून वीतभर उंच झालाय. मी त्याला पहिला नंबर दिला होता हे ऐकून तो म्हणाला, "मावशी, निदान गणितात तरी पास करायचंस."

त्या सकाळचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे. बाकीचं मी सांगते. घंटा वाजली तेव्हा मी दारालगतच्या खोलीतच होते, पहाटेपासून. कपाट फिरवलं तर आत एक पिशवी. पिशवीत कपडे आणि ताईच्या जुन्या चपला. लहानपणी मी तिच्याच उतरलेल्या चपला घालायचे, नेहमी बोटभर मोठ्या. आणि लाकडापलीकडून तिचा आवाज, एकोणीस वर्षांनी: "पाय वाढलेत का गं?"

मी म्हटलं, "ताई, तू आलीस?"

"नाही, चपला विकायला आलेय. घाल लवकर. आणि हे बघ, माफ-बिफ काही केलेलं नाही मी. आधी मला त्या बाईंना भेटायचंय."

तुमच्यासमोर ती बसली. तुम्ही हात पुढे केलात, तो तिने घेतला नाही. तिने विचारलं, "मला एवढंच सांगा. ती म्हणते तशी दारापर्यंत आली होती का? की हेही खोटंच?"

तुम्ही म्हणालात, "आली होती. दोनदा."

मदर, मी तिला एकदाच लिहिलं होतं. दुसऱ्यांदाचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. दुपारी, आईला नेण्याची वेळ झाली असेल तेव्हा, मी अनवाणी येऊन दाराला कपाळ लावून उभी राहिले होते. मला वाटलं होतं तिथे कोणी नाही. तुम्ही ताईला सांगितलंत की शेजारच्या खोलीत तुम्ही किल्ली घेऊन बसला होतात, संध्याकाळपर्यंत, मी हाक मारेन म्हणून. गाडीही तोवर थांबवली होतीत.

ताईने मग तुमचा हात घेतला. मला म्हणाली, "ऊठ. चल."

तुमच्या नावावर अकरा वर्षं जे खोटं राहिलं ते ताईने घरात सगळ्यांना बसवून दुरुस्त केलं. मलाच बोलायला लावलं. बोलले.

तुमची,
मुंगी
(हे माझं घरातलं नाव. तुम्हाला माहीत असेलच, खालचं तुम्ही वाचलं नसलं तरी.)

हे पत्र मी सवयीने उघडंच ताईकडे नेऊन दिलं. ती म्हणाली, "मला कशाला?" मग वाचलं, आणि भाच्याच्या कंपासपेटीतली निळी पेन्सिल घेऊन खाली खूण केली. तुमच्यासारखी आली नाही, पण आहे. आता यापुढचं तिला माहीत नाही.

मदर, सात दिवस झाले, मी या घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. गाडीतून उतरून आत आले ती आतच आहे. ताईला वाटतं मी विश्रांती घेतेय. दाराला कडी नसते, दिवसभर ते नुसतं लोटलेलं असतं, आणि मी त्याच्यापर्यंत जाते आणि परत येते. खोलीपासून दारापर्यंत सोळा पावलं आहेत. आज दोनदा गेले.

टपालाची पेटी रस्त्याच्या पलीकडे आहे, खिडकीतून दिसते. ताई म्हणाली, "दे, मी टाकते जाता जाता." मी दिलं नाही. पाकिटावर पत्ता लिहिलाय, चपला घातल्यात. हे पत्र मी स्वतःच टाकणार आहे, नाहीतर ते टाकलं जाणार नाही.

तेव्हा सिस्टर, तुम्ही हे मदरना वाचून दाखवत असाल, तर मी तिसऱ्यांदा गेले, एवढं त्यांना सांगा.